डिझायर, लव्ह, फन वगैरे: इंग्रजीतल्या आवडीनिवडीच्या शब्दांचं मूळ घरबसल्या कसं शोधायचं

आमच्या आईकडे जुन्या पत्रांचा एक गठ्ठा आहे, पोस्टकार्डं आणि निळी इनलँड लेटरं, आणि मामाच्या जवळपास प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच वाक्य, लोभ असावा ही विनंती. लहानपणी मला हे कळायचंच नाही, कारण लोभ म्हणजे वाईट, षड्रिपूंपैकी एक, आणि इथे मामा सख्ख्या बहिणीकडे चक्क लोभ मागतोय. खूप वर्षांनी इंग्रजी लव्ह या शब्दाचं मूळ बघत होते तर तिथे संस्कृत लुभ् धातू दिसला, म्हणजे लव्ह आणि लोभ एकाच घरातले, आणि मग उठून मी गठ्ठ्यातलं एक कार्ड काढून परत वाचलं. तेव्हापासून हा नाद लागला. फार कोणी सोप्या मराठीत सांगत नाही म्हणून मी कसं करते ते लिहितेय.

लागतं काय, तर मोबाइल आणि एक वही. एटिमऑनलाइन ही साइट फुकट आहे, इंग्रजी शब्द टाकला की तो कुठून कुठे आला ते थोडक्यात मिळतं. विक्शनरी त्याच्या जोडीला ठेवा, तिथे इतर भाषांमधली भावंडं जास्त सापडतात. ऑक्सफर्डचा मोठा कोश, ज्याचा पहिला भाग १८८४ मध्ये आला आणि पूर्ण व्हायला १९२८ उजाडलं, तो एखाद्या लायब्ररीत मिळाला तर सोडू नका, कारण त्यात शब्द कोणत्या काळात कोणत्या अर्थाने वापरला याची वाक्यं असतात आणि खरी मजा त्या वाक्यांत असते. मराठीसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश ऑनलाइन आहे आणि कृ. पां. कुलकर्णींचा १९४६ चा व्युत्पत्ति कोश आहे.

शब्द घेतला की आधी एकच बघायचं, हा इंग्रजीच्या घरातला की बाहेरून आलेला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर दरबारातली फ्रेंच भाषा इंग्रजीत उतरत गेली आणि फ्रेंचच्या मागे लॅटिन. त्यामुळे लव्ह, लाइक, लस्ट, विश, यर्न हे घरचे, आणि डिझायर, प्लेझर, डिलाइट, जॉय, पॅशन, ॲपेटाइट हे फ्रेंच-लॅटिनवाले. हे वहीत वेगळ्या पानांवर लिहा, कारण दोघांना शोधायची रीत वेगळी आहे. घरच्या शब्दाला जर्मन, डच भावंडं शोधायची आणि मग संस्कृतकडे जायचं, बाहेरच्याला आधी फ्रेंच मग लॅटिन.

आता लाइक घ्या, कारण हा शब्द मराठी माणसाला सगळ्यात लवकर कळतो. जुन्या इंग्रजीत आय लाइक असं कोणी म्हणत नव्हतं. म्हणायचे मी लिकाथ, आणि यातला मी म्हणजे आपला मला, आणि लिकाथ म्हणजे आवडतं. मला आवडतं! जी वस्तू आवडते ती कर्ता आणि आपण नुसते तिच्यासमोर बसलेले, अगदी मला आंबा आवडतो सारखं. इट लाइक्स मी ही रचना शेक्सपियरच्या नाटकांतसुद्धा सापडते. नंतर इंग्रजीने वाक्य उलटं केलं आणि माणूस पुढे येऊन बसला. शाळेतली मुलं मँगो लाइक्स मी असं लिहितात तेव्हा आपण लाल पेनने काट मारतो, मारायलाच हवी, पण त्या मुलाला हेही सांगा की पूर्वी इंग्रज असंच बोलायचे, बघा त्याचा चेहरा कसा खुलतो. लाँग म्हणजे आस लागणं, तेही असंच होतं, मूळ अर्थ लांब होणं, लांबणं, मला लांबतं अशी रचना. वाट बघताना वेळ कसा जाता जात नाही, तेच त्यात आहे. आणि याच्या उलट मेरी हा आनंदाचा शब्द, त्याचं मूळ थोडक्या वेळाचं, झटकन सरणारं असं मानतात.

वॉन्ट बघितला की मला दरवेळी थोडं गलबलतं. हा स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंग लोकांनी आणलेला, जुन्या नॉर्स भाषेतला वांता, अर्थ कमी असणं, उणीव असणं. साधारण १२०० च्या सुमारास इंग्रजीत आला तेव्हाही अर्थ तोच होता, इच्छा हा अर्थ पक्का व्हायला अठरावं शतक लागलं. जुना अर्थ अजून जिवंत आहे, ऑफिसच्या मेलमध्ये फॉर वॉन्ट ऑफ टाइम लिहितात तिथे वेळेची इच्छा नाही, वेळेची कमी आहे. तेव्हा शब्दाचा जुना अर्थ हवा असेल तर ठरलेल्या वाक्प्रचारांत बघा, तिथे तो टिकून राहतो.

संस्कृतपर्यंत जायचं तर एक नियम पाठ करा, नाहीतर नुसत्या उच्चारावरून काहीही जुळवत बसाल. परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकी थोरला याकोब, त्याने १८२२ मध्ये मांडला, की संस्कृतमध्ये जिथे प आहे तिथे इंग्रजीत फ येतो, पाद आणि फूट, पितृ आणि फादर. द चा ट होतो, दशन् आणि टेन. भ चा ब होतो, भ्रातृ आणि ब्रदर. आता लुभ् तपासा. भ चा ब झाला पाहिजे, जर्मन लीबं मध्ये तो ब समोर दिसतो, इंग्रजीत दोन स्वरांमध्ये सापडून त्याचा व झाला, लव्ह. जुळलं.

विश जरा अवघड आहे पण सोडू नका. जर्मनमध्ये वुन्श, मध्ये न आहे. इंग्रजीने स च्या आधीचा न गाळून टाकला, जसा आपला हंस, जर्मनचा गान्स आणि इंग्रजीचा नुसता गूस. तो न परत ठेवला की वुन्श च्या शेजारी संस्कृत वाञ्छ् येऊन उभा राहतो, इच्छा करणं. पसायदानात आपण सगळे म्हणतो ना, जो जे वांछील तो ते लाहो, त्यातलं वांछील आणि बर्थडेच्या केकसमोर डोळे मिटून केलेली विश, दोन्ही एकाच मुळाचे. ज्ञानेश्वरांनी ते १२९० मध्ये लिहिलं आणि इंग्लंडमध्ये त्या वेळी विश आधीपासून बोलला जात होता, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

तसाच जुष् धातू, चाखणं, आवडून घेणं. ज चा क होतो, जसं जानु आणि नी, ज्याच्या स्पेलिंगमध्ये तो क अजून मुका बसलाय. डचमध्ये कीझन म्हणजे निवडणं, इंग्रजीत क चा च झाला आणि चूज तयार झाला. लॅटिनकडून गेलात तर त्याच मुळापासून चव या अर्थाचा गुस्तुस, त्यातून गस्टो आणि डिसगस्ट, आणि फारसीतून आपला दोस्त. चाखून, आवडून निवडलेला तो दोस्त!

आता सावध कुठे राहायचं. मी एकदा क्लासमध्ये जोश आणि जॉय एकच असं ठोकून सांगितलं होतं, ते चूक निघालं आणि दुसऱ्या दिवशी मुलांना परत बोलावून सुधारून सांगितलं. जोश फारसीतला, उकळण्याचा, आणि जॉय लॅटिन गौदियुम पासून, ज्यातून एन्जॉय पण आला. डिलाइट मध्ये लाइट दिसतो पण प्रकाशाशी त्याचा काही संबंध नाही, मूळ लॅटिन, भुरळ घालणं अशा अर्थाचं, आधी स्पेलिंग वेगळं होतं, सोळाव्या शतकात लाइट, फ्लाइटच्या नादाने जास्तीची अक्षरं घुसली. डिझायर ताऱ्यांपासून आला, लॅटिन सिदुस म्हणजे तारा, ही गोष्ट फार सुंदर आहे आणि अभ्यासकही ती सांगतात, पण बहुधा हा शब्द लावूनच सांगतात, तर तुम्हीही तो गाळू नका. कोशात परहॅप्स दिसलं की वहीत शब्दापुढे प्रश्नचिन्ह काढायचं, हा माझा नियम आहे. आणि कोशातलं वर्ष म्हणजे शब्द जन्मला ते नाही, कागदावर पहिल्यांदा सापडला ते.

अर्थ कसा सरकला तेही लिहून ठेवा. फाँड म्हणजे आधी मूर्ख, मग प्रेमाने खुळावलेला, मग नुसता आवड असलेला. आपल्याकडे क्रिकेटचं वेड म्हणतो तेच. फन म्हणजे फसवणूक, सतराव्या शतकातला, आणि १७५५ च्या कोशात सॅम्युअल जॉन्सनने त्याला हलक्या लोकांची बोली म्हणून शेरा मारला. पॅशन म्हणजे सोसणं, पेशंट त्याचाच भाऊ. थ्रिल म्हणजे भोसकणं, भोक पाडणं, आणि नॉस्ट्रिल मधला शेवटचा तुकडा तोच, नाकाचं भोक. एक्स्टसी ग्रीक, स्वतःच्या बाहेर उभं राहणं, आपण देहभान हरपलं म्हणतो ते. प्लेझर लॅटिन प्लाकेरे पासून, आणि डॉक्टरांचं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती समाधानाची गोळी, तेही त्याच क्रियापदाचं, अर्थ मी खूश करेन.

शेवटी उलट दिशेने पण जा, मोल्सवर्थमध्ये शब्दापुढे कंसात अक्षर असतं, एस असेल तर संस्कृत, पी असेल तर फारसी, ए असेल तर अरबी. मजा काढून बघा. फारसीत मझा म्हणजे चव. तुर्कस्तानात जेवणाआधी छोट्या छोट्या बश्या मांडतात त्या मेझे पण तेच. इंग्रजी रेलिश जुन्या फ्रेंचमधून, मागे राहिलेलं, म्हणजे घास गिळल्यावर जिभेवर रेंगाळतं ते, आणि झेस्ट म्हणजे आधी लिंबा-संत्र्याची साल. माझ्या वहीत चवीचं पान आता भरत आलंय, दुसरं जोडायला लागणार. तुम्ही सुरुवात त्याच पानाने करा, स्वयंपाकघरातले शब्द घरात सगळ्यांना कळतात, आजीला पण विचारता येतं.