खाचेत बसलं म्हणजे जुळलं असं नाही: कॉम्प्युटर वापरताना या चुका टाळा

मॅक घ्यावा की विंडोज, तयार डेस्कटॉप घ्यावा की सुटे भाग जोडून बांधावा, यावर लोक तावातावाने भांडतात. वाद कंपनीच्या नावावरून रंगतो आणि नुकसान मात्र एखाद्या पिनमुळे, केबलमुळे किंवा कधी उघडूनही न पाहिलेल्या सेटिंगमुळे होतं. 'बंदिस्त' हार्डवेअर फक्त अ‍ॅपलकडे असतं, हा समज आधी सोडा. ज्या पीसीत कुठलाही भाग बसतो असं आपण धरून चालतो, त्यातही कंपनीची स्वतःची जोडणी दडलेली असते.

जुन्या केबलवर नवा एसएमपीएस

ही चूक सगळ्यात महागात पडते. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा म्हणजे एसएमपीएस. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या करता येणारा एसएमपीएस बदलताना जुन्या केबल कॅबिनेटमध्ये नीट बांधलेल्या असतात, त्यांची टोकं नव्या एसएमपीएसमध्येही बसतात. मग त्या कशाला सोडवायच्या, असं वाटतं. पण मानक ठरलेलं आहे ते ड्राइव्ह आणि मदरबोर्डकडच्या टोकाचं. एसएमपीएसकडच्या टोकाला कुठलंच सर्वमान्य मानक नाही. एका कंपनीने जिथे ५ व्होल्ट दिले, तिथे दुसरीने १२ दिलेले असू शकतात. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही हा फरक सापडतो. ५ व्होल्टच्या तारेवर १२ आले की एसएसडी किंवा हार्ड डिस्क क्षणात जळते. एसएमपीएस बदलला की त्याच्या सगळ्या केबलही बदला, यात तडजोड नको.

हार्ड डिस्क अशी गेलीच, तर घाईने तिला दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड लावू नका. बहुतेक डिस्कमध्ये त्या बोर्डवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कपुरती माहिती असते. शिवाय जादा व्होल्टेज अडवणारा डायोड अनेक बोर्डांवर असतो. पुष्कळदा तोच जळतो आणि आतला डेटा शाबूत राहतो. डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्याला आधी दाखवा.

सारख्या टोकामागे वेगळ्या तारा, हा प्रकार नवा नाही. इंटेलने १९९५ साली डेस्कटॉपच्या मदरबोर्ड आणि एसएमपीएससाठी एटीएक्स हे मानक आणलं. त्यानंतर काही वर्षांतच डेलच्या अनेक डेस्कटॉपमध्ये टोक हुबेहूब एटीएक्सचं, पण आतल्या तारांची मांडणी वेगळी, असा मामला होता. आज मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच ऑफिस डेस्कटॉपमध्ये टोकच वेगळ्या आकाराचं असतं. माझ्या मते हे बरं, कारण जे बसतच नाही ते निदान जाळत तरी नाही.

लॅपटॉप हळू झाला की थेट फॉरमॅट

लॅपटॉप चार्जरवर चालतोय, बॅटरी मात्र चार्ज होत नाही आणि मशीन एकदम संथ झालंय. अशा वेळी लोक विंडोजला दोष देतात. डेलच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक पिन असते आणि चार्जर कोणता, किती वॅटचा, ही ओळख ती लॅपटॉपला देते. ती वाकली किंवा तिची तार तुटली की लॅपटॉप चार्जर ओळखत नाही, चार्जिंग थांबवतो आणि प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली आणतो. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन अ‍ॅडॉप्टरचा प्रकार काय दिसतो ते पाहा. तिथे 'अननोन' असेल तर दुसरा अस्सल चार्जर लावून बघा. विंडोजला हात लावायची वेळ बहुधा येणारच नाही.

यूएसबी-सीचंही तसंच. टोक एकसारखं, पण मोबाइलसोबत आलेली चार्जिंगची केबल बहुतेकदा सेकंदाला ४८० मेगाबिटचीच असते, तर त्याच टोकाच्या थंडरबोल्ट ३ या वेगवान जोडणीची मर्यादा ४० गिगाबिट आहे. बाहेरची एसएसडी रडतखडत चालली तर आधी केबल बदला.

'डिस्क काढून दुसरीकडे लावू'

मदरबोर्ड गेला तरी डेटा मिळेल, हा जुना भरवसा आता धोक्याचा आहे. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क सहसा आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे त्यातला डेटा किल्लीशिवाय वाचता येत नाही. मग कधीतरी बायॉस अपडेट होतो किंवा मदरबोर्ड बदलला जातो आणि निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर दुरुस्तीवालाही हतबल आणि मायक्रोसॉफ्टही. एन्क्रिप्शन बंद करा असं मी म्हणणार नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर तेच तुम्हाला वाचवतं. पण मालकाला धड न सांगता ते चालू करणं मला पटत नाही. तुमची की मायक्रोसॉफ्ट खात्यात दिसते का ते आजच तपासा आणि कागदावर उतरवून ठेवा.

अ‍ॅपलच्या एम१ आणि त्यानंतरच्या मॅकबुकमध्ये तर काढायला डिस्कच नाही. स्टोरेज बोर्डवर सोल्डर केलेलं आणि त्याची किल्ली त्याच प्रोसेसरच्या आत. बोर्ड मेला तर उरतो फक्त बॅकअप, म्हणून मॅकच्या टाइम मशीन या बॅकअपसाठी वेगळा ड्राइव्ह हवाच.

आणि सिंक, म्हणजे कॉम्प्युटर आणि ऑनलाइन जागेत फाइल्स आपोआप सारख्या ठेवणं, म्हणजे बॅकअप नव्हे. मायक्रोसॉफ्टचा वनड्राइव्ह डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्याकडे ओढून घेतो, फुकटची ५ जीबी जागा भरते, मग लोक वेबवरून फाइल्स उडवतात आणि त्या कॉम्प्युटरवरूनही जातात. आधी फाइल्स वनड्राइव्हच्या फोल्डरबाहेर हलवा.

बाकी काही झटपट

विंडोजमध्ये शट डाउन केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे सिस्टिमचा गाभा पूर्ण बंद होत नाही. अडलेलं मशीन सुधारायचं तर रीस्टार्ट करा. त्याच मशीनवर लिनक्स असेल आणि विंडोजचा ड्राइव्ह तिथून फक्त वाचता येत असेल, तर बहुधा कारण हेच.

रॅम पुढे वाढवू, असं म्हणून कमी रॅमचा लॅपटॉप घेण्याआधी त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा. त्यात मेमरी काढण्याचं पान नसेल तर ती सोल्डर केलेली आहे असं समजा. सोल्डर करण्यात नेहमीच लबाडी असते असं नाही, कारण कमी वीज खाणाऱ्या एलपीडीडीआर मेमरीला प्रोसेसरच्या अगदी जवळ राहावं लागतं.

मॅकवर पेनड्राइव्ह वाचता येतो पण त्यावर लिहिता येत नाही, तर तो एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. फॅट३२ या जुन्या पद्धतीच्या ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. दोन्हीकडे वापरायचा ड्राइव्ह एक्सफॅट करा. फक्त त्याला जर्नलिंग, म्हणजे अर्धवट राहिलेले बदल सावरायला नोंद ठेवण्याची सोय, नाही, त्यामुळे इजेक्ट न करता उपटू नका.