वर्गाचे ब्लॉग आणि फीड : या चुका टाळा

साठ मुलांचे साठ ब्लॉग रोज उघडून बघणं कुणालाच झेपत नाही. प्रत्येक ब्लॉगला फीड असतं, म्हणजे त्याच्या ताज्या नोंदींची आपोआप बनणारी यादी. अशी फीडं एका जागी दाखवणाऱ्या फीडरीडर या ॲपमध्ये पत्ते एकदा भरले की नवी नोंद आपोआप समोर येते. पुण्यातल्या कॉलेजात भूगोलाच्या वर्गाला असं लिहितं करताना मी जिथे जिथे अडले, ते सांगते.

सुरुवातीलाच गोंधळ झाला तो पत्त्यांचा. कुणी एकाच नोंदीची लिंक पाठवली, कुणी एडिटच्या पानाची. ब्लॉगचा मुख्य पत्ताच मागा. वर्डप्रेस या ब्लॉगच्या सेवेवर त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहिलं की फीड उघडतं. हे मुलांकडूनच करून घ्या.

लाजून ब्लॉग प्रायव्हेट ठेवला तर फीडरीडरला काहीच मिळत नाही. त्यापेक्षा टोपणनावाने उघड लिहू द्या, खऱ्या नावांची यादी आपल्याकडे ठेवा.

सबमिशनच्या आदल्या रात्री पंधरा नोंदी टाकणारे असतातच. वर्डप्रेसच्या फीडमध्ये मूळ सेटिंगनुसार शेवटच्या 10 नोंदीच येतात, आधीच्या पाच आपल्यापर्यंत पोचतच नाहीत. रीडिंग सेटिंगमध्ये आकडा वाढवता येतो, पण मी आठवड्याला एका नोंदीचेच गुण देते. एका रात्रीत लिहिलेल्यात निरीक्षण नसतं.

सर्वांत जास्त छळलं फॉन्टनी. मुठा नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली गेल्यावर एका मुलीने मन लावून लिहिलं होतं. माझ्या रीडरमध्ये मात्र नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. घरच्या डीटीपीच्या कॉम्प्युटरवर तिने युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना सगळीकडे एकच कोड देणारी पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. त्या फॉन्टमध्ये आत कोड रोमन अक्षरांचेच असतात, मराठी दिसतं ते फक्त तो फॉन्ट असलेल्या मशीनवर. तिला वाटलं, सगळं ठीक आहे. लेख कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला, पुढचं ती मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर लिहू लागली. पहिल्याच तासाला प्रत्येकाकडून दोन ओळींची चाचणी नोंद घ्या, म्हणजे हे तेव्हाच कळतं.

आणि ही चूक माझीच : मी रीडरमध्ये वाचायचे आणि पुढे जायचे. मॅडमनी वाचलं हे मुलांना कळणार कसं? आता दर आठवड्याला निदान दहा जणांच्या नोंदीखाली जाऊन लिहिते. त्या मुलीला एवढंच विचारलं होतं, "खडकवासला धरणातून विसर्ग किती होता गं?" पुढच्या नोंदीपासून ती तारखेसमोर क्युसेकचा आकडा लिहू लागली.