हब नट पुन्हा पुन्हा सैल होतो? या चुका टाळा

ट्रकच्या मागच्या एक्सलचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो फिरता भाग, हलू लागला, की बहुतेक गॅरेजमध्ये एक्सल शाफ्ट उपसून हब नट आणखी आवळला जातो, आणि आठवड्याभरात तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत दारात उभी राहते. नट आपणहून सैल होत नाही. एक तर त्याला कोणीतरी फिरवते, नाही तर तो जागेवरच असतो आणि त्याच्यामागचे बेअरिंग सरकते किंवा झिजते. या दोहोंतला फरक न पाहता पाना उचलणे ही पहिली चूक. काम संपल्यावर मी ग्रीस पुसून चेक नट (हब नट अडवून धरणारा बाहेरचा नट) आणि नळीचे, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या एक्सल हाऊसिंगच्या पोकळ भागाचे, टोक या दोन्हींवरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढतो. पुढच्या वेळी उघडताना रेघ जुळत नसेल तर नट फिरला आहे, आणि जुळत असूनही हब हलत असेल तर दोष बेअरिंगकडे शोधावा लागतो.

उसाच्या एका हंगामात एक दहाचाकी गाडी महिन्याभरात तिसऱ्यांदा डावा हब सैल झाला म्हणून माझ्याकडे आली. आधीच्या दोन्ही कारागिरांनी नट अधिकाधिक आवळला होता. मी ग्रीस बोटांवर घेऊन उजेडात धरले, तर त्यात चंदेरी कीस चमकत होता, आणि त्याच ग्रीसमध्ये वॉशरच्या तुटलेल्या जिभेचा नखाएवढा तुकडा सापडला. ही जीभ नळीवरच्या खाचेत अडकलेली असते आणि बेअरिंगची आतली रेस (पोलादी कडे) फिरू लागली तरी तिचे फिरणे नटापर्यंत पोहोचू देत नाही. जीभ गेली, की रेस वॉशरला फिरवते आणि वॉशर नटाला. मग तो नट पहिलवानाने आवळलेला असला तरी टिकत नाही. रेस फिरत होती, कारण नळी झिजली होती. तिच्यावर कोणीतरी पंच मारून ठिपके उठवले होते, म्हणजे रेस घट्ट बसावी. ते ठिपके घासून सपाट झाले होते आणि त्या जागी निळसर चकाकी आली होती. मालकाचा आग्रह पुन्हा पंच मारण्याचाच होता, कारण गाड्या कारखान्यावर रांगेत होत्या. मी नकार दिला. शेवटी हाऊसिंग बदलावे लागले आणि मालक पैसे देताना माझ्याकडे पाहतही नव्हते, पण तो हब त्या तक्रारीसाठी पुन्हा आला नाही.

दुसरी चूक नेमकी उलटी, म्हणजे अती आवळण्याची, आणि ती नवशिक्यांची आवडती आहे. टेपर रोलर बेअरिंग दाबून बसवले की तापते, ग्रीस पातळ होऊन निघून जाते, रोलर अडकतात आणि रेस नळीवर फिरू लागते. म्हणजे सैल होऊ नये म्हणून जे केले, त्यानेच नट सैल होतो. नट आवळताना हब सतत हाताने फिरवत राहावा, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. नंतर नट मागे घेऊन हलका आवळावा आणि कंपनीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेवढा पुन्हा मागे सोडावा. अनेक अवजड गाड्यांना साधारण 0.025 ते 0.125 मिलिमीटर प्ले, म्हणजे ढिलाई, लागतो. तो सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या डायल गेजवरच कळतो. मात्र गेज लावायला पाच मिनिटे लागतात, आणि तेवढा धीर हल्लीच्या पोरांकडे नसतो.

नवे बेअरिंग टाकूनही दोन दिवसांत प्ले येत असेल, तर हबमध्ये ठोकून बसवलेला कप, म्हणजे बेअरिंगची बाहेरची रेस, तळाला टेकला नव्हता असे समजावे. पितळी ड्रिफ्टने चोहोबाजूंनी ठोकताना आधी आवाज बोदा येतो आणि कप टेकला की तो टणक होतो. तो बदल ऐकू येईपर्यंत ठोकणे थांबवू नये.

छन्नी-हातोडीने नट फिरवू नये, अष्टकोनी हब पाना वापरावा. वाकवलेला लॉक वॉशर सरळ करून पुन्हा घालू नये. हब ग्रीसने ठासून भरू नये. नटाला वेल्डिंगचा टाका मारणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. वेल्डिंगचा विद्युतप्रवाह बेअरिंगमधून गेला, तर रोलरवर खड्डे पाडतो. पुढच्या चाकात प्ले वाटला तर आधी कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगावे: प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनकडे, म्हणजे पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिच्याकडे, पाहावे.

गाडी सोडण्यापूर्वी मी ती वीसेक किलोमीटर चालवून आणतो, शक्यतो ब्रेक कमी वापरून, आणि दोन्ही बाजूंच्या हबला हाताची मागची बाजू लावून पाहतो. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे अधिक तापला असेल, तर ड्रायव्हर कितीही घाईत असला तरी चाक पुन्हा उघडतो.