कला-संस्कृतीच्या नियतकालिकाला लेख कसा सुचवावा

संपादकाकडे येणाऱ्या बहुतेक प्रस्तावांत विषय असतो, लेख नसतो. ‘मला सायनोटाइपवर लिहायचं आहे’ हा नुसता विषय झाला. लेखात नेमकं काय येणार हे त्यातून कळतच नाही, म्हणून त्याला होकारही देता येत नाही आणि नकारही.

आधी विषयातला प्रश्न शोधा. सायनोटाइप हे निळ्या छपाईचं तंत्र जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलं. त्याचा इतिहास कुठेही वाचायला मिळतो. पण त्यातला निळा रंग प्रकाशात फिका पडतो आणि काही काळ अंधारात ठेवला की बराचसा परत येतो. म्हणजे असं चित्र मांडून ठेवलं की ते थोडं थोडं उतरणारच. मग संग्रहालय ते किती काळ भिंतीवर ठेवतं? ते कोण ठरवतं? विकत घेणाऱ्याला हे सांगितलं जातं का? लेख इथे सुरू होतो.

नियतकालिक नीट वाचा. निदान मागचे तीन-चार अंक. कोणती सदरं संपादकीय विभागातलेच लोक लिहितात, कोणती बाहेरच्यांना मिळतात, प्रत्येकाची शब्दसंख्या साधारण किती, हे टिपून ठेवा. तुमचा विषय अलीकडे येऊन गेलाय का, तेही संकेतस्थळावर शोधा. येऊन गेला असेल तर तुमचा लेख वेगळा कसा, हे प्रस्तावातच सांगा. नवख्या लेखकाला दीर्घ लेखापेक्षा छोटं परीक्षण लवकर मिळतं.

तारखांचं गणित करा. छापील मासिकाचा अंक बाजारात येण्याच्या दोन-तीन महिने आधीच ठरलेला असतो. गॅलरीतलं प्रदर्शन बऱ्याचदा महिना-दीड महिनाच चालतं. उद्घाटन पाहून आल्यावर प्रस्ताव पाठवलात, तर छापून येईपर्यंत भिंती रिकाम्या झालेल्या असतात. छापील अंकासाठी प्रदर्शन जाहीर होताच लिहा. उशीर झालाच तर वेब आवृत्तीच्या संपादकाला विचारा.

ईमेल २००-२५० शब्दांत आटपा. विषयाच्या ओळीत ‘प्रस्ताव’, सदराचं नाव आणि कामचलाऊ शीर्षक द्या. पहिल्याच परिच्छेदात मुद्दा यावा, उदाहरणार्थ:

‘सायनोटाइप प्रकाशात फिकट होतात, तरी आजचे अनेक कलाकार याच तंत्राकडे वळत आहेत. ही चित्रं दाखवायची कशी आणि जपायची कशी, यावर १,५०० शब्दांचा लेख सुचवते आहे. एक संवर्धक आणि दोन कलाकार बोलायला तयार आहेत.’

त्याखाली हा लेख आत्ताच का, तो तुम्हीच का लिहावा, मजकूर कधी देऊ शकाल आणि आधी छापून आलेल्या दोन-तीन लेखांचे दुवे. मुलाखतींना होकार मिळालेला नसेल तर ‘तयार आहेत’ असं लिहू नका. ‘विचारणार आहे’ म्हणा. पूर्ण लेख जोडायची गरज नाही, मागितला असेल तरच जोडा. ‘कलेच्या विश्वाचा रंगतदार प्रवास’ छापाची वाक्यं आली की संपादक पुढच्या ईमेलकडे वळतो.

चित्रांची तजवीज आधीच करा. मजकूर उत्तम असूनही चित्रांपायी लेख अडकतो, आणि ते नेमकं शेवटच्या आठवड्यात लक्षात येतं. ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) ए४ पानभर छापायला २४८० × ३५०८ पिक्सेलचं चित्र लागतं. समाजमाध्यमावरून उतरवलेलं किंवा चॅटवरून आलेलं चित्र सहसा दाबून लहान केलेलं असतं, ते छपाईला चालत नाही. प्रस्तावासोबत दोन-तीन लहान नमुने पुरेत. मोठ्या फाइली कुठून मिळतील तेवढं लिहा. प्रत्येक चित्राची ओळ याच क्रमाने तयार ठेवा: कलाकार, शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार (बहुधा उंची आधी, मग रुंदी), छायाचित्रकार, सौजन्य.

परवानगी हा वेगळाच गुंता. चित्र ज्याच्या मालकीचं, त्याच्याकडे त्याचा कॉपीराइट असेलच असं नाही. तो सहसा कलाकाराकडे किंवा त्याच्या वारसांकडे राहतो. फोटोवर छायाचित्रकाराचाही हक्क असू शकतो. काही संग्रहालयं शुल्क आकारतात. ते कोण भरणार, हे होकार आल्या आल्या विचारून घ्या.

हितसंबंध लपवू नका. कलाकार मित्र आहे, गॅलरीसाठी कॅटलॉग लिहिला आहे, प्रवासखर्च आयोजकांनी दिला आहे, यातलं काहीही असेल तर एका वाक्यात सांगा. त्याने प्रस्ताव पडेलच असं नाही. नंतर उघड झालं तर मात्र पुढची दारं बंद होतात.

पाठवल्यानंतर दोन आठवडे थांबा, मग दोन ओळींची एकच आठवण करा. एकच कल्पना एकाच वेळी दोघांकडे पाठवायची असेल, तर दोघांनाही तसं कळवा. होकार आला की शब्दसंख्या, मुदत, मानधन, ते कधी मिळणार, लेख रद्द झाला तर काही मिळणार का आणि पुनर्प्रकाशनाचे हक्क कुणाचे, हे सगळं लेखी घ्या. फोनवर ठरलं असेल तर तेच मुद्दे ईमेलने पाठवून दुजोरा मागा.

नकार आला तर तोच मजकूर दुसरीकडे जसाच्या तसा ढकलू नका. सदर, शब्दसंख्या आणि लेखाचा रोख त्या नियतकालिकाप्रमाणे बदला. आणि पाठवण्याआधी वरची ओळ वाचा, आधीच्या संपादकाचं नाव तिथे राहिलेलं असतं.