पोरांचं काम, मोठ्यांचं नाव: मंडळाचा अहवाल लिहिताना या चुका टाळा

कुठल्याही गणेश मंडळाचा अहवाल उघडा. आधी आधारस्तंभ, मग मार्गदर्शक, मग सल्लागार, मग जाहिरातीच जाहिराती. जमाखर्चाच्या वर कुठेतरी एक ओळ: ‘युवा कार्यकर्त्यांचे विशेष परिश्रम.’ अनंत चतुर्दशीला घाटावर उभं राहून निर्माल्य वेगळं करणारी, देखाव्याचा आराखडा काढणारी, पावतीपुस्तकाचा हिशेब जुळवणारी सगळी पोरं त्या एका ओळीत कोंबलेली. आमच्या मंडळाचा अहवाल बरीच वर्षं मीच लिहितो, त्यामुळे खालच्या बहुतेक चुका माझ्याच आहेत.

आठवून नावं लिहिणं

सगळ्याचं मूळ इथे आहे. अहवाल छापायचा असतो उत्सवाच्या तोंडावर आणि त्यात हिशेब असतो गेल्या वर्षीचा. म्हणजे नावं आठवायची अकरा महिन्यांनी. तोवर एखादी मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेलेली, एखादा बारावीच्या क्लासमध्ये अडकलेला. मग आठवतात ती रोज कट्ट्यावर दिसणारी तोंडं. यावर उपाय साधा आहे. पावतीपुस्तकाशेजारी एक वही ठेवा. रात्रीच्या आरतीनंतर कोणी, काय, किती वेळ केलं ते लिहा आणि ते पोरांपैकीच कुणालातरी लिहू द्या. आमच्याकडे पहिल्या दोन दिवसांतच कळलं की मंडप झाडणारी दोघं कुणालाच नावानं माहीत नव्हती.

नाव दिलं, काम सांगितलं नाही

तीस नावांच्या यादीत फोटोपुरता आलेला आणि पहाटेपर्यंत थर्माकोलऐवजी पुठ्ठा कापत बसलेला, दोघं सारखेच. संकल्पना, रेखांकन, रंगकाम, विसर्जनघाट असं वेगळं लिहा.

एका वर्षी आमच्या देखाव्याचं पूर्ण रेखाटन एका सोळा वर्षांच्या मुलीचं होतं. फ्लेक्सवर ‘संकल्पना’ खाली छापलं गेलं एका पदाधिकाऱ्याचं नाव. विचारल्यावर उत्तर आलं, ‘चित्र मंडळासाठीच काढलं ना, मग मंडळाचं झालं.’ तसं नसतं. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 57 प्रमाणे कलाकृतीचे हक्क दुसऱ्याला दिले तरी ‘ही माझी’ म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. अल्पवयीन कर्त्याला त्यातून वगळलेलं नाही. फ्लेक्ससाठी कोणी कोर्टात जाणार नाही, जाऊही नये. पण ‘एवढंसं पोर, त्याचं नाव कशाला’ म्हणणारा हे ऐकून गप्प बसतो, हा स्वानुभव.

एकालाच डोक्यावर घेणं

ही उलटी चूक. स्टेजवर चांगलं बोलतो किंवा खजिनदारांचा मुलगा आहे म्हणून सत्कार एकाचाच. बरोबरचे पाच जण टाळ्या वाजवतात आणि पुढच्या वर्षी मंडपाकडे फिरकत नाहीत. ज्याचा सत्कार ठरला आहे त्यालाच विचारा: ‘तुझ्याबरोबर कोण कोण होतं?’ पोरं सहसा खरी नावं सांगतात, मोठ्यांपेक्षा जास्त.

कुचकामी प्रमाणपत्र

‘उल्लेखनीय योगदानाबद्दल’ या शब्दांचा मुलांना काही उपयोग नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तास भरायचे असतात, पण मंडळातल्या कामाचे तास त्यात धरायचे की नाही हे महाविद्यालयाचे कार्यक्रम अधिकारी ठरवतात. त्यांना उत्सवाआधी विचारा. प्रमाणपत्रात तारीख, तास आणि नेमकं काम लिहा. चार तासांचे दहा करू नका. ती मदत नव्हे.

अठरा वर्षांखालच्यांचा फोटो लावण्याआधी घरी विचारा. शाळा, फोन नंबर छापायचं काही कारण नाही. नाव कसं लिहायचं, आईचं नाव लावायचं का, हे ज्याचं त्याला विचारा.

चूक होऊन गेली असेल तर

शाल-श्रीफळ देऊन ती झाकू नका. चूक जिथे झाली तिथेच दुरुस्त करा. व्हॉट्सॲप ग्रुपवर झाली असेल तर ग्रुपवरच, खासगी मेसेज करून नाही. फ्लेक्स दोनच दिवस राहणार असला तरी बरोबर नावाची पट्टी छापून चिकटवा. आम्ही ती सहाव्या दिवशी चिकटवली, पदाधिकाऱ्यांनी स्वतः शिडी धरली. अहवाल छापून झाला असेल तर पुढच्या वर्षी शुद्धिपत्र द्या, तेही पहिल्या पानावर, मागच्या जाहिरातींखाली नव्हे.