स्मूदीत जवस घालताय? आधी कुटा

हार्मोन्ससाठी म्हणून विकली जाणारी महागडी पावडर घेण्याआधी रविवार पेठेत एक चक्कर मारा. जवस आणि भोपळ्याच्या सोललेल्या बिया एवढंच आणा. जवसात लिग्नन्स (इस्ट्रोजेन हार्मोनसारखे वनस्पतीतले घटक) आणि ओमेगा-३ असतात, पण अख्खा दाणा बहुतेक वेळा न पचताच बाहेर पडतो. तेव्हा हलका भाजून आठवड्यापुरताच दळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, कूट लवकर खवट होतं.

एका ग्लासाला चमचाभर कूट, चमचाभर बिया (१० ग्रॅममध्ये साधारण ५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम), वाटीभर घरचं दही आणि अर्धं केळं. दही वगळू नका, त्यातल्या प्रथिनांमुळे भूक लवकर लागत नाही. मध आणि खजूर दोन्ही घालणार असाल तर सरळ शिकरण खा!

ताणासाठी अश्वगंधा घालायचा मोह होतो. थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, गरोदरपणात टाळाच. पीसीओएसच्या (बायकांमधला हार्मोन्सचा एक विकार) औषधाची जागाही स्मूदी घेत नाही. आणि उपाशीपोटी दोन कप कडक चहा ढोसून ऑफिसला धावणाऱ्यांनी आधी तो एक कपावर आणावा.

जवस सुरू केलं की पाणी वाढवा, नाहीतर पोट धरतं.