तास भरायला निघालात? कॅथलिक कॉलेजातली समाजसेवा आणि टाळता येण्यासारख्या चुका

मार्चमधली सकाळ. पदवीच्या पेपरला बसायला आलेला एक दृष्टिहीन विद्यार्थी परीक्षा केंद्राच्या दारात उभा होता आणि त्याने सांगितलेली उत्तरे लिहून देणारा लेखनिक आला नव्हता. साडेदहाचा पेपर. सव्वादहाला माझ्या मोबाइलवर संदेश आला, 'मॅम सॉरी, आज जमणार नाही.' लेखनिक माझ्या यादीतला, नाव मीच दिलेले. ग्रंथालयात अभ्यास करत बसलेल्या एका मुलीला उठवून नेले, परीक्षा विभागाची परवानगी काढली आणि पेपर पंचवीस मिनिटे उशिरा सुरू झाला. तेवढ्या वेळात तो मुलगा काहीच बोलला नाही. ब्रेल घड्याळाचे झाकण उघडून काटे तेवढे चाचपत राहिला.

मुंबईतल्या एका कॅथलिक कॉलेजात मी बरीच वर्षे सेवा उपक्रमांचे काम बघते. आमच्या मुलांत कळकळ कमी आहे असे मला कधीच वाटले नाही. गोची होते ती वेळेची. आपण आपल्याला मोकळी असलेली वेळ देतो, समोरच्याला लागणारी वेळ मात्र भलतीच असते. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

लेखनिक होताना

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिहीनांसाठी २००३ पासून एक्सआरसीव्हीसी हे केंद्र चालते. आता इतर कॉलेजांतूनही लेखनिकांच्या याद्या असतात. नाव नोंदवणे सोपे आहे, म्हणून मुले पटकन नोंदवतात. पहिली चूक इथेच होते: पेपर तीन तासांचा, म्हणून तीन तासच मोकळे ठेवतात. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिव्यांग परीक्षार्थीला तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात. म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा झाला. त्यात ओळखपत्र तपासणे आणि जागा शोधणे आले. दुपारी दोनचा क्लास असलेला लेखनिक शेवटच्या अर्ध्या तासात घड्याळाकडे बघू लागतो आणि शेजारी बसलेल्या परीक्षार्थीला आवाजावरून ते कळते.

दुसरी चूक पात्रतेची. परीक्षार्थीने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचे असावे, असे २०१८ च्या त्या सूचनांत म्हटले होते. विद्यापीठांचे आणि मंडळांचे आपापले नियमही असतात. परीक्षा विभागात आठवडाभर आधी जाऊन विचारा, ओळखपत्र आणि गुणपत्रिकेची प्रत जवळ ठेवा. पेपरच्या दिवशी दारातून परत पाठवले तर नुकसान तुमचे होत नाही.

प्रत्यक्ष लिहितानाची एक गोष्ट मी प्रत्येक तुकडीला सांगते. प्रश्न पूर्ण वाचा, गुणांसकट वाचा, 'किंवा' असेल तर तेही वाचा. आधी सगळी प्रश्नपत्रिका एकदा वाचून दाखवा, कारण डोळस विद्यार्थी पहिल्या पाच मिनिटांत तेच करतो. उत्तर चुकतेय असे वाटले तरी श्वाससुद्धा बदलू देऊ नका. सुचवायचे नाही आणि 'सुधारून' लिहायचे नाही. विशेषनामाचे स्पेलिंग विचारून घ्यायचे. परिच्छेद झाला की सावकाश वाचून दाखवायचा.

आणि पेपर रविवारी असला तर मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते शनिवारीच बघून ठेवा.

फेब्रुवारीत जाग येणे

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचे शिबिर करायचे असते. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचे चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे चोवीस तास. बिल्ला लावणारी किती मुले हे आरे मोजतात कोण जाणे, पण मला ते चिन्ह फार आवडते.

जून ते जानेवारी कुठेच न जाता फेब्रुवारीत रोज सहा-सहा तास 'काढणे' ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. नव्या शैक्षणिक धोरणात समाजसहभागाला श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागल्यापासून ती वाढली आहे असे मला दिसते. बालगृहातल्या मुलांना रोज नवा ताई-दादा येतो आणि महिन्याने सगळे गायब होतात. त्यापेक्षा दर शनिवारी दोन तास जा. जुलैपासून जानेवारीपर्यंत साधारण तीस शनिवार मिळतात, त्यातले परीक्षेचे आणि दिवाळीचे पाच-सहा सोडले तरी जवळपास पन्नास तास होतात. बाकीचे शिबिरात आणि कॉलेजच्या उपक्रमांत भरून निघतात.

नाताळची गर्दी

२३-२४ डिसेंबरला वृद्धाश्रमांत काय चालते ते एकदा बघाच. सकाळी एका कॉलेजचा गट कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, गाऊन जातो, अकराला दुसरा, जेवणानंतर तिसरा, आणि प्रत्येकाच्या हातात केक. मधुमेह असलेल्या आजी आग्रहाला नाही म्हणू शकत नाहीत. तोच आश्रम जुलैच्या पावसात महिनाभर कुणाला दिसत नाही. नाताळला जरूर जा, पण आधी फोन करून विचारा, 'त्या दिवशी किती गट येणार आहेत? आम्ही जानेवारीत आलो तर चालेल का?' उत्तर बहुतेक वेळा 'चालेल' असेच येते, आणि मोठ्या आनंदाने येते.

वस्तू पोचवली म्हणजे काम झाले, असे मानणे

ही चूक जुनी आहे आणि तिच्यावरचा उपायही विद्यार्थ्यांनीच शोधला होता. १८३३ मध्ये पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात शिकणारा वीस वर्षांचा फ्रेडरिक ओझानाम ख्रिस्ती धर्माची बाजू वादसभेत हिरीरीने मांडायचा. विरोधकांनी विचारले, 'आज तुम्ही गरिबांसाठी काय करता?' प्रश्न झोंबला. तो आणि त्याचे मित्र सिस्टर रोझाली रेंड्यू या धर्मभगिनींकडे गेले. पॅरिसच्या मूफतार भागातल्या गरिबांची घरे सिस्टरना पाठ होती. त्यांनी मुलांना पत्ते दिले, पावाची कूपने दिली आणि त्या घरांत जाऊन कसे वागायचे तेही शिकवले. त्यातून संत विन्सेंट दी पॉल सोसायटी उभी राहिली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ मध्ये ओझानाम यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले.

आजही मुंबई-वसईच्या अनेक धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या परिसरात, या सोसायटीचे सभासद दोघादोघांनी घरभेटीला जातात. धान्य हे भेटीचे निमित्त असते. खरे काम म्हणजे बसणे, ऐकणे आणि पुढच्या वेळी मागचे आठवून विचारणे. वसई-विरारच्या मुलांना मी आवर्जून सांगते, सेवेसाठी चर्चगेटपर्यंत लटकत यायची गरज नाही. आपल्या धर्मग्रामातल्या सोसायटीला विचारा, त्यांना तरुण पाय हवेच असतात.

शिकवायला जाणाऱ्यांचेही असेच होते. लॅपटॉपवर इंग्रजीतला सुंदर धडा तयार करून नेतात. समोर मराठी नाहीतर उर्दू माध्यमाची पालिका शाळेतली मुले, आणि त्यांना उद्या भागाकाराची चाचणी. आधी त्यांचे बालभारतीचे पुस्तक चाळा, मग ठरवा. चॉकलेट वाटून सुरुवात करू नका. तिसऱ्या आठवड्यात पाढ्यांपेक्षा चॉकलेटचीच चौकशी जास्त होते.

मुलांच्या बाबतीत चालणारच नाहीत अशा गोष्टी

बालगृहातल्या मुलांचे फोटो स्टेटसला ठेवू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तयच्या शुभवर्तमानातले वचन आमच्या मुलांनी कायद्याच्या कितीतरी आधी ऐकलेले असते.

मुलासोबत बंद खोलीत एकटे बसू नका. आपला मोबाइल नंबर देऊ नका. 'मी दर आठवड्याला येईन' हे खात्री असेल तरच म्हणा, कारण ती मुले वार मोजतात.

आणि एखाद्या मुलाने अत्याचाराबद्दल काही सांगितले तर 'कुणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नका. शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, 'तू सांगितलेस ते बरे केलेस' एवढे म्हणा आणि त्याच दिवशी अधीक्षकांना आणि आपल्या प्राध्यापकांना कळवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांपर्यंत पोचवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेतच दाबादाबी होतेय असे वाटले तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत नंबर आहे. हे ओझे विद्यार्थ्याने एकट्याने वाहायचे नसते.

'मी ख्रिस्ती नाही, मग?'

दरवर्षी दोन-तीन मुले दबक्या आवाजात हे विचारतात, कधी त्यांचे आईवडील विचारतात. सिस्टरांच्या आश्रमात स्वयंसेवकाचा धर्म विचारत नाहीत. प्रार्थनेची घंटा झाली तर शांत उभे राहा किंवा बाहेर थांबा, दोन्ही चालते. उलट बाजूची चूकही होते. आमच्यातलेच कुणी उत्साहाने आजारी माणसाच्या उशाशी धर्माची चर्चा काढते. तो विषय ज्याचा त्याने काढायचा, पाहुण्याने नाही.

अडलेच तर

संस्था ई-मेलला उत्तर देत नाही? बहुतेक ठिकाणी कार्यालय सांभाळणाऱ्या सिस्टरच स्वयंपाकघरही बघतात. दुपारच्या जेवणानंतर फोन करा किंवा सरळ जाऊन भेटा. 'मला मुलांबरोबरच काम हवे' असे म्हणू नका, 'तुम्हाला कुठे माणूस कमी पडतो?' असे विचारा. दान आलेले कपडे निवडा, औषधांच्या तारखा तपासा, असली कामे मिळतील. ती करा. महिन्याभराने तुम्हाला वॉर्डात बोलावतील.

नोंदवहीवर सह्या राहिल्या? तारीख, येण्याची-जाण्याची वेळ आणि सही त्याच दिवशी घ्यायची सवय लावा. सिस्टरांच्या बदल्या होतात. तुम्ही जूनमध्ये सह्या घ्यायला जाता तेव्हा तुम्हाला ओळखणाऱ्या सिस्टर दुसऱ्या गावी गेलेल्या असतात, आणि नव्यांनी न पाहिलेल्या तासांवर सही करावी अशी अपेक्षा धरणे बरोबर नाही.

सोडावे लागतेय? परीक्षा, घरातले आजारपण, नोकरी, काहीही होऊ शकते. दोन आठवडे आधी सांगा. बदली मित्र किंवा मैत्रीण मिळाली तर नुसता नंबर पाठवू नका, एकदा बरोबर घेऊन जा आणि आजोबांना नाव सांगून ओळख करून द्या. मग शेवटच्या दिवशी निरोप घ्यायलाही जा.